नव्या स्पोर्ट्स कारचं कूलंट खाली जातंय? काट्यावर नाही, टाकीवर नजर ठेवा

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलण्यातली पुनरावृत्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोललो तसंच.)

आजचा भाग कूलिंगचा आहे. त्यातही नव्या कोऱ्या स्पोर्ट्स कारच्या कूलिंगचा, आणि मोठ्या बिघाडांचा नाही, तर बारीकसारीक कुरबुरींचा. टाकीतलं कूलंट दोन बोटं खाली गेलंय. गाडी बंद केली तरी पुढचा फॅन घोंघावतोय. सिग्नलला आकडा १०४ दाखवतोय. पार्किंगमध्ये उतरलं की गोडसर वास येतोय. असल्या गोष्टी.

अशा वेळी लोकांचे दोन प्रकार दिसतात. पहिला म्हणतो, "नवी गाडी आहे, काही होत नाही." दुसरा म्हणतो, "गेलं इंजिन, फसवलं मला." दोघंही बोनेट उघडून बघत नाहीत. आपण आज बघणार आहोत. त्यासाठी तीन हत्यारं लागतील: फोनचा कॅमेरा, काही शे रुपयांचा एक ब्लूटूथ डोंगल आणि तुमचं नाक.

आणि तुमच्याकडे स्पोर्ट्स कार नसेल तर भाग बंद करू नका. तुमच्या घरची हॅचबॅक किंवा कूलंटवर चालणारी बाईक याच नियमाने चालते. स्पोर्ट्स कारमध्ये उष्णता जास्त, जागा कमी आणि पाइप जास्त, एवढाच फरक.

एकच वाक्य लक्षात ठेवा

कूलिंग सिस्टीम बंद असते. पेट्रोल जळतं, इंजिन ऑइलही थोडंफार जळू शकतं, पण कूलंट "वापरलं" जात नाही. ते गोल गोल फिरतं आणि परत येतं. म्हणून ते सारखं कमी होत असेल तर ते कुठेतरी जातंय. कुठे जातंय, एवढाच प्रश्न असतो. बाकी सगळं निदान या एका वाक्यातून निघतं.

आत नेमकं होतं काय?

ढोबळ हिशेब असा. इंजिनात जळलेल्या पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भाग चाकांपर्यंत पोचतो, तेवढाच सायलेन्सरमधून बाहेर जातो आणि उरलेला बराचसा कूलंटमध्ये उतरतो. एक्सप्रेसवेवर सपाट रस्त्याला शंभरच्या वेगाने जाताना गाडीला १५ ते २० किलोवॅट ताकद लागते. म्हणजे जवळपास तेवढीच उष्णता कूलंटला उचलावी लागते. घरातला गिझर साधारण २ किलोवॅटचा असतो. आठ-दहा गिझर एकदम चालू आहेत असं समजा. आणि हे सपाट रस्त्यावर. खंडाळ्याचा घाट एसी लावून, पाय दाबून चढलात की हिशेब आणखी वाढतो.

ही उष्णता उचलायला वॉटर पंप कूलंट इंजिनातून फिरवतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट नावाचा झडपेसारखा भाग रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो, म्हणजे इंजिन लवकर तापतं. तापमान साधारण ८५ ते ९५ अंशांच्या आसपास आलं की आतलं मेण वितळून फुगतं, झडप उघडते आणि कूलंट रेडिएटरकडे जातं. वेग असेल तर वारा रेडिएटर थंड करतो, नसेल तर फॅन करतो.

आता टाकीचं झाकण. हे झाकण वाटतं तेवढं साधं नाही. अर्धं पाणी आणि अर्धं इथिलीन ग्लायकॉल असं मिश्रण उघड्यावर १०७ अंशांच्या आसपास उकळतं. पण झाकण सिस्टीममध्ये साधारण १ ते १.४ बार जादा दाब धरून ठेवतं, त्यामुळे उकळबिंदू सव्वाशेच्या पुढे जातो. आपला प्रेशर कुकर, पण उलट्या कामासाठी. कुकरची रिंग ढिली असेल तर शिट्टी होत नाही, तसं झाकण दाब धरत नसेल तर बाकी सगळं ठीक असूनही कूलंट लवकर उकळतं. कधी कधी सगळा आजार या स्वस्तातल्या झाकणाचा निघतो.

स्पोर्ट्स कारमध्ये वेगळं काय?

एक, रेडिएटर एकापेक्षा जास्त असू शकतात. पोर्शच्या ९११ किंवा बॉक्सस्टरमध्ये इंजिन मागे किंवा मध्ये असतं, पण रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत असतात. कूलंट गाडीच्या पोटाखालून लांब पाइपांतून पुढे जातं आणि मागे येतं. एवढ्या लांब वाटेत हवेचा बुडबुडा अडकायला भरपूर जागा. शिवाय बंपरच्या त्या जाळ्या जमिनीलगत असतात, त्यामुळे वाळलेली पानं, प्लॅस्टिकच्या पिशव्या, सगळं तिथे जाऊन बसतं. आपल्याकडे गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीमागून गाडी चालवून बघा, पाचट कुठे कुठे जातं ते कळेल.

दोन, टर्बो. टर्बो खूप तापतो. गाडी बंद केली तरी त्याला थोडा वेळ थंड करावं लागतं. त्यासाठी बऱ्याच गाड्यांत एक छोटा विजेवर चालणारा पंप असतो.

तीन, काही गाड्यांत इंटरकूलरही पाण्यावर चालतो. त्याचं सर्किट वेगळं, आणि कधी कधी टाकीही वेगळी. म्हणजे बोनेटखाली कूलंटच्या दोन टाक्या दिसू शकतात. कोणती कशाची, ते मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. एकीकडे बघून "लेव्हल बरोबर आहे" म्हणायचं आणि दुसरी रिकामी, असं नको.

हे दिसलं तर घाबरू नका

गाडी बंद केल्यावर फॅन काही मिनिटं चालू राहणं किंवा बोनेटखालून "उंऽऽ" असा बारीक आवाज येणं नॉर्मल आहे. मघाशी सांगितलेला टर्बोचा पंप तो. लॉक करून निघून जा.

पावसात सिग्नलला थांबल्यावर पुढच्या जाळीतून वाफ निघणं, हेही नॉर्मल. गरम रेडिएटरवर पाणी पडलं की वाफ होणारच. वास नसेल आणि दोन-तीन मिनिटांत थांबली तर सोडून द्या.

गाडीखाली एसी चालवल्यावर स्वच्छ पाण्याचे थेंब, नॉर्मल. टिश्यूवर टिपून बघा. रंग नाही, वास नाही, बोटाला चिकट नाही, म्हणजे एसीचं पाणी. गुलाबी, हिरवं किंवा निळं, जरासं बुळबुळीत आणि गोडसर वासाचं असेल तर कूलंट. चाखून बघायचं नाही! इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. आणि म्हणूनच पार्किंगमध्ये कूलंटचं डबकं दिसलं तर लगेच पाणी मारून धुऊन टाका. सोसायटीतली कुत्री-मांजरं ते गोड लागतं म्हणून चाटतात आणि थोड्याशा कूलंटनेही जीव जातो.

थंडीच्या सकाळी सायलेन्सरमधून पांढरी वाफ, नॉर्मल. इंजिन तापलं की ती जाते. गेली नाही, दाट राहिली आणि गोड वास आला, तर नॉर्मल नाही.

काटा खरं बोलत नाही

आता मुद्द्याची गोष्ट. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा बरोबर मध्यावर आहे, म्हणून सगळं ठीक आहे, असं आपण धरून चालतो. पण आजच्या बऱ्याच गाड्यांत तो काटा मुद्दाम "शांत" ठेवलेला असतो. कूलंट ८० अंशांवर असो की १०५ वर, काटा मध्येच. का? कारण काटा जरा हलला की लोक गाडी घेऊन सर्व्हिस सेंटरला धावतात. म्हणून कंपन्यांनी मधला मोठा पट्टा सपाट करून टाकला. काटा हलायला लागतो तेव्हा गोष्ट बरीच पुढे गेलेली असते.

खरा आकडा हवा असेल तर ओबीडी डोंगल घ्या. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं, त्यात तो बसतो आणि फोनवरच्या ॲपमध्ये "कूलंट टेंपरेचर" खरंखुरं दिसतं. काही स्पोर्ट्स कारमध्ये स्क्रीनवरच आकडा मिळतो, मग डोंगलचीही गरज नाही. फक्त गाडी चालवताना फोनकडे बघत बसू नका. ॲपमध्ये रेकॉर्डिंग लावा, घरी येऊन ग्राफ बघा.

आकडे कसे वाचायचे? तुमच्या गाडीचं मॅन्युअल पहिलं, माझं नंतर. पण साधारणपणे हायवेवर ८५ ते १००, ट्रॅफिकमध्ये १०० ते १०८ आणि फॅन लागला की परत खाली, हे ठीक. आजची काही इंजिनं हलक्या पायाने चालवताना मुद्दाम १०५ च्या आसपास ठेवतात, कारण गरम इंजिन कमी पेट्रोल खातं. पाय दाबला की तीच गाडी स्वतःहून थंड होते. म्हणून एकच आकडा बघून निष्कर्ष काढू नका. ११५ च्या वर जाऊन तिथेच राहत असेल तर गाडी आरामात बाजूला घ्या. १२० च्या पुढे चढतच असेल तर थांबा.

"दादा, जाऊ का नको?"

गेल्या महिन्यात कोल्हापूरहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. नवी टर्बो गाडी, १,४०० किलोमीटर झालेले. कूलंट वरच्या रेषेवरून मधोमध आलेलं. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, "सर, नॉर्मल आहे," आणि वरून भरून दिलं. पुढच्या ९०० किलोमीटरमध्ये परत तेवढंच खाली. दोन दिवसांनी आई-वडिलांना घेऊन आंबोलीमार्गे गोव्याला जायचं ठरलेलं. "दादा, जाऊ का नको?"

बघा, सर्व्हिस सेंटरचं पहिलं उत्तर चूक नव्हतं. कारखान्यात कूलंट भरताना कुठेतरी हवा अडकते. पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये ती निघून टाकीत येते आणि लेव्हल थोडी उतरते. एकदा उतरली तर हवा असू शकते. वर भरल्यावर दुसऱ्यांदा उतरली तर ती बातमी आहे.

मी त्याला सांगितलं, घाटाची ट्रिप त्या गाडीने नको, घरच्या दुसऱ्या गाडीने जा. आणि परत आल्यावर पुढचे आठ दिवस हे कर:

रोज सकाळी, गाडी चालू करण्याआधी, एकाच जागी, सपाट जमिनीवर टाकीचा फोटो काढ. फोटोत रेषा दिसली पाहिजे. दुसरा फोटो ओडोमीटरचा. टाकीवर आजच्या लेव्हलला कागदी टेपची एक पट्टी लाव. बस, एवढंच. दुपारी गरम इंजिनावर लेव्हल बघायची नाही, कारण गरम कूलंट फुगतं आणि लेव्हल वर दिसते. सकाळ आणि दुपारची तुलना केली तर डोकं फिरेल.

सहाव्या दिवशी त्याने फोटो पाठवले. लेव्हल रोज थोडी थोडी उतरत होती. आणि एका फोटोत एका पाइपच्या प्लॅस्टिक जोडाखाली गुलाबी पापुद्रा सुकलेला दिसत होता. जोडाच्या आतली रबरी रिंग नीट बसली नव्हती. वॉरंटीत रिंग बदलून मिळाली, विषय संपला. कामाचा वेळ एक तास असेल. पण तोच जोड आंबोलीच्या चढावर, एसी चालू असताना निसटला असता तर?

गाडी कधी तापते, ते सांगा

मेकॅनिककडे गेल्यावर "गाडी हीट होतेय" एवढंच सांगू नका. *कधी* होतेय, ते सांगा. अर्धं निदान त्यात असतं.

उभी असताना किंवा ट्रॅफिकमध्ये तापते, हायवेला लागली की थंड होते: संशय फॅनवर. फॅन, त्याचा फ्यूज, रिले किंवा वायरिंग. एसी लावून बघा. बहुतेक गाड्यांत एसी लावला की फॅन सुरू होतो. फिरला नाही तर चोर सापडला.

हायवेवर किंवा घाटात तापते, ट्रॅफिकमध्ये ठीक: म्हणजे वारा भरपूर आहे तरी उष्णता बाहेर पडत नाही. रेडिएटरसमोर कचरा, कूलंट कमी, थर्मोस्टॅट पूर्ण उघडत नाही किंवा पंप कमजोर. सगळ्यात आधी टॉर्च घेऊन जाळीत बघा. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत कचरा अडकला तर बाहेरून दिसत नाही.

आकडा एकदम चढतो, एकदम उतरतो आणि केबिनचा हीटर कधी गरम कधी गार हवा देतो: आत हवा अडकली आहे किंवा कूलंट कमी आहे. मध्ये किंवा मागे इंजिन असलेल्या गाड्यांत कूलंट बदलल्यानंतर हे जास्त दिसतं. हवा काढण्याची पद्धत गाडीप्रमाणे ठरलेली असते, काहींना त्यासाठी व्हॅक्यूमचं यंत्र लागतं. हे काम सर्व्हिस सेंटरचं.

गाडी तापतच नाही, अर्ध्या तासाने पण आकडा ७० वरच: थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे. कधी कधी सोबत चेक इंजिनचा दिवा आणि पी ०१२८ हा कोड येतो. "थंड आहे, चांगलंच की" असं नाही. इंजिन कायम थंड समजून जास्त पेट्रोल ओतत राहतं आणि झीज वाढते.

आणि एक पाचवी गोष्ट, ज्याला लोक बिघाड समजतात. कडक उन्हात चार-पाच वेळा जोरात पळवल्यावर गाडीची ताकद कमी वाटते, पण कूलंटचा आकडा ठीक असतो. तेव्हा इंटरकूलर गरम झालेला असतो आणि कॉम्प्युटर इंजिनला वाचवायला ताकद कमी करतो. पाच-सात मिनिटं आरामात चालवल्यावर ताकद परत आली तर गाडी तिचं काम करतेय.

कधी कधी मात्र मर्यादा गाडीच्या रचनेतच असते. २०१५ ची शेव्हरोलेट कॉर्वेट झेड ०६, ६५० हॉर्सपॉवरची सुपरचार्ज गाडी, ट्रॅकवर तापते अशा तक्रारी अमेरिकेत खूप झाल्या. २०१७ च्या मॉडेलला कंपनीने मोठ्या झरोक्यांचं नवं बोनेट आणि सुपरचार्जरचं नवं कव्हर दिलं. म्हणजे प्रत्येक वेळी दोष एखाद्या पार्टचा नसतो.

गळती शोधायची कुठे?

गाडी पूर्ण थंड. बोनेट उघडा, फोनची टॉर्च लावा. पाण्याचा थेंब शोधू नका, कारण बारीक गळती गरम भागावर लगेच सुकते. शोधायचा तो पापुद्रा: पांढरा, गुलाबी किंवा हिरवट, मीठ सुकल्यासारखा.

क्रमाने बघा. टाकीचं झाकण आणि त्याची रिंग. मग प्रत्येक पाइपचं टोक, क्लिप आणि प्लॅस्टिकचे जोड. मग थर्मोस्टॅटचं घर, जे आता बहुतेक प्लॅस्टिकचं असतं. मग वॉटर पंपच्या खालचा भाग. मग रेडिएटर, पुढून खडी लागल्याच्या खुणांसाठी. शेवटी केबिन: पुढच्या सीटसमोरचा गालिचा ओला आहे का, काचेवर तेलकट वाफ धरते का? तसं असेल तर डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय.

बाहेर काहीच सापडलं नाही आणि लेव्हल तरीही उतरतेय? मग कूलंट आत जळत असण्याची शक्यता आहे. त्याच्या खुणा: थंड सुरू करताना इंजिन काही सेकंद अडखळणं, पांढरा गोड वासाचा धूर, टाकीत सारखे बुडबुडे, आणि रात्रभर उभी राहिलेल्या गाडीचा वरचा पाइप सकाळीही दगडासारखा टणक. ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय दिसली तर मात्र थोडं थांबा. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालत असेल तर तिथे दमटपणामुळेही थोडी साय धरते. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधी झालं असेल तर गाडी चालू करू नका.

नव्या गाडीतही हे होतं

"नव्या गाडीत हेड गॅस्केट कसं जाईल?" असं विचारणाऱ्यांसाठी एक खरं उदाहरण. फोर्ड फोकस आरएस, २०१६ आणि २०१७ ची, २.३ लिटर टर्बो. आपल्याकडे विकली गेली नाही, पण जगभर नावाजलेली स्पोर्ट्स हॅचबॅक. काही मालकांच्या लक्षात आलं की कूलंट हळूहळू कमी होतंय, बाहेर गळती नाही, आणि थंड सुरू करताना पांढरा धूर येतो. पुढे समोर आलं की काही गाड्यांत चुकीचं हेड गॅस्केट, मस्टँगच्या तशाच इंजिनाचं, बसलं होतं. २०१८ मध्ये कंपनीने मोहीम काढून गॅस्केट बदलून दिली, जिथे गरज होती तिथे हेडसुद्धा.

यातून काय घ्यायचं? सुरुवात "दोन बोटं कमी" इथूनच झाली होती. ज्यांनी लेव्हल बघितली त्यांना आधी कळलं.

सर्व्हिस सेंटरमध्ये कसं बोलायचं

भांडायचं नाही. मोबाइलमधले फोटो दाखवायचे आणि म्हणायचं, "या तारखेला इतक्या किलोमीटरला लेव्हल इथे होती, आज इथे आहे. प्रेशर टेस्ट करून द्या आणि तक्रार जॉबकार्डवर लिहा." प्रेशर टेस्ट म्हणजे टाकीच्या तोंडाला हातपंप लावून ठरलेला दाब द्यायचा आणि तो टिकतो का बघायचं. साधी, ठरलेली टेस्ट आहे. गॅस्केटचा संशय असेल तर टाकीतली हवा निळ्या रसायनातून ओढून बघतात. जळालेला गॅस मिसळला असेल तर रंग पिवळा होतो.

"नॉर्मल आहे" असं उत्तर मिळालं तर तेही जॉबकार्डवर लिहून घ्या. किती मिलिलिटर भरलं, तेही. वॉरंटी संपल्यावर हाच कागद सांगेल की तक्रार वॉरंटीतच सुरू झाली होती. तोंडी बोलणं कोणाच्या लक्षात राहत नाही.

हे करू नका

गरम इंजिनाचं झाकण उघडू नका. आत शंभर अंशांच्या वरचं, दाबाखालचं कूलंट आहे. झाकण सुटलं की ते एकदम उकळून तोंडावर उडतं. फडकं धरून "हळूच" उघडणं वगैरे नाही. तासभर तरी थांबा.

रंग बघून कूलंट भरू नका. गुलाबी म्हणजे अमुक, हिरवं म्हणजे तमुक असा सगळ्या कंपन्यांचा एक नियम नाही. दोन वेगळ्या जातींची कूलंट मिसळली तर गंजरोधकं निकामी होतात, कधी गाळ धरतो. मॅन्युअलमधला ग्रेड बघा. अडलंच आणि लेव्हल थोडीच कमी असेल तर बॅटरीत घालायचं डिमिनरलाइज्ड पाणी चालतं, पण ॲसिड नको, नीट वाचून घ्या. बोअरचं पाणी नको, बाटलीतलं मिनरल वॉटरही नको. क्षार आत साचतात.

गळती बंद करणारी पावडर किंवा बाटली नव्या गाडीत ओतू नका. ती भोकाबरोबर हीटरचे बारीक पाइपही बंद करते, आणि वॉरंटीचा वाद वेगळाच.

आणि आपल्याकडचा जुना सल्ला: "थर्मोस्टॅट काढून टाक, गाडी थंड राहील." जुन्या गाड्यांत लोकांनी हे वर्षानुवर्षं केलं. आजच्या गाडीत ते करणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर फोडण्यासारखं आहे.

रस्त्यातच तापली तर?

एसी बंद. हीटर पूर्ण गरम, ब्लोअर फुल, काचा खाली. हीटर हा छोटा रेडिएटरच आहे, थोडी उष्णता तिथून निघते. सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या. आकडा उतरत असेल तर दोन मिनिटं चालू ठेवा. चढतच असेल, लाल दिवा लागला असेल किंवा वाफ येत असेल तर लगेच बंद करा आणि टोइंगला फोन लावा. गरम इंजिनावर थंड पाणी ओतू नका, ॲल्युमिनियमचं हेड वाकू शकतं. "पुढच्या पंपापर्यंत नेतो" या दोन किलोमीटरमध्येच रबरी रिंगेचं काम इंजिनाचं काम होतं.

तर मंडळी, उद्या सकाळी गाडी चालू करण्याआधी बोनेट उघडा, टाकीचा एक फोटो काढा, एक ओडोमीटरचा. पुढच्या महिन्यात त्याच तारखेला परत काढा. दोन्ही फोटो सारखे दिसले तर छान, निवांत फिरा. नाही दिसले तर तुम्हाला इंजिनाच्या आधी कळलं.

काही शंका असतील तर व्हॉइस मेसेज पाठवा, फक्त गाडी *कधी* तापते ते आठवणीने सांगा. पुढच्या भागात घाट उतरताना ब्रेक का "मऊ" होतात त्यावर बोलू. तोपर्यंत, सांभाळून चालवा!